घोंगडीचं कुवेती भावंड

घरी पाहुणे आले की आम्ही कुवेतकर काय दाखवतो? कुवेत टॉवर्स, सूक मुबारकिया आणि मॉल! काही वर्षांपूर्वी थंडीत आमच्या आत्या आल्या, तेव्हा ही यादी दोन दिवसांत संपली. म्हटलं चला, गल्फ रोडवरचं सदू हाउस तरी पाहू.

आत एक बाई जमिनीवर आडव्या पसरलेल्या मागावर विणत बसल्या होत्या. लाल-काळ्या लोकरीची नक्षी सगळी ताण्यातच उमटत होती. बदू लोकांचे तंबू अशाच पट्ट्या जोडून होत आणि विणत त्या बायकाच. तेल निघालं, तंबू गेले. कला तरी राहावी म्हणून १९७९ मध्ये शेखा अल्ताफ अल-सबाह यांच्या पुढाकाराने काम सुरू झालं, पुढे त्याची विणकर सहकारी संस्था झाली. २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही सदू गेलं.

आत्या माण तालुक्यातल्या. पट्टी हातात घेऊन म्हणाल्या, “अरे, हे तर आपल्या घोंगडीचं भावंड! फक्त आपल्याकडं धनगरणी कातायच्या आणि सणगर विणायचे.”

मग गाडी म्हसवडवर आली. चेतना गाला सिन्हा आणि गावच्या बायकांनी तिथे सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा बायका अंगठेबहाद्दर म्हणून परवाना नाकारला गेला. बायका लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, “व्याज तोंडी सांगतो, तुमचा साहेब कागदावर करू दे” म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पण नुसत्या कर्जाने गाय जगत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशीने म्हसवडला चारा छावणी चालवली, पाणी अडवायला बंधारेही बांधले.

“आणि इथं रे? मेंढरं चरतात कशावर?”

आम्ही गप्प. इथल्या वाळवंटात अरफज नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप असतं. कुवेतचं राष्ट्रीय फूल तेच. अतिचराईने आणि गाड्यांच्या चाकांनी ते फार कमी झालंय. कुंपण घालून जमिनीला विसावा दिला की पुन्हा येतं म्हणे. आणि आम्ही? त्याच महिन्यात कॅम्पला जाताना पोरांच्या आग्रहाखातर गाडी झुडपांवरून थेट उधळली होती!

घरी लावायला सदूची एक पट्टी घेतली खरी. पण मंडळी, तेव्हापासून कॅम्पला जाताना आमची गाडी जुनी चाकोरी सोडत नाही. तुमचीही सोडू नका.