चित्रकलेचा ऑनलाईन क्लास लावावा का?



आजचा विषय पालकांनीच दिला आहे. पाचवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली आणि म्हणाली, "मॅडम, पोरीले मोबाईलवरचा चित्रकलेचा क्लास लावू का? ते लोक रोज फोन करून राह्यले. हप्त्यानं पैसे द्या म्हणते." पोरीचा हात खरंच चांगला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने वहीत काढलेली बैलजोडी बघून आमचे हेडसरही थांबले होते. पण घरी दीड एकर कापूस आणि मोबाईल एकच. तोही दिवसभर वडिलांच्या खिशात. त्यामुळे "लावा" किंवा "नका लावू" असं एका शब्दात सांगणं मला काही जमलं नाही.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत चित्रकलेचा वेगळा शिक्षक नसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभराहून जास्त पट असेल तर. चौथी-पाचवीला चित्र शिकवणार आम्हीच, डीएडवाले. मला डिजिटल चित्रकला येत नाही. म्हणजे त्या आईसमोर चांगला शिक्षक आणि ऑनलाईन क्लास असे दोन पर्याय नव्हतेच. क्लास, नाहीतर काहीच नाही, असा तिचा हिशेब होता.

म्हणून त्या क्लासचा फुकटचा नमुना तास आम्ही दोघींनी मुलीसोबत शाळेच्या लॅपटॉपवर पाहिला. पडद्यावर साठच्या वर मुलं. शिकवणाऱ्या ताई इंग्रजी-हिंदीत भरभर बोलत होत्या. त्यांनी फुलपाखरू काढलं, मुलांनी बघितलं. कोणाचं चित्र कोणी पाहिलं नाही. शेवटची पंधरा मिनिटं फीवर गेली. आता सांगा, यात लाईव्ह काय होतं? हाच तास रेकॉर्ड करून दाखवला असता तर काय फरक पडला असता?

याच्या उलट अकोल्यात माझ्या बहिणीची मुलगी आठवीत आहे, तिचा क्लास मी मुद्दाम शेजारी बसून पाहिला. बॅचमध्ये आठ मुलं. शिकवणारे सर मराठीत बोलतात. भाचीने काढलेला चेहरा त्यांनी स्वतःच्या स्क्रीनवर घेतला, त्यावर नवा थर टाकला आणि लाल रेघेने दाखवलं, "डोळे बघ, किती वर गेलेत. डोक्याच्या अर्ध्यावर आण." तिने तिथल्या तिथे बदललं. लाईव्ह क्लासची किंमत या दोन मिनिटांची असते. चुकलेला हात त्याच वेळी कोणीतरी पाहणं, हे व्हिडिओ बघून मिळत नाही.

पण भाचीकडे लॅपटॉप आहे आणि पेनाने काढायची पाटी आहे. ती साधी पाटीसुद्धा तीन-चार हजारांची. आमच्या पोरीकडे फोन. एकाच फोनवर सरांचं चित्र बघायचं की स्वतःचं काढायचं? दोन्ही एका वेळी होत नाही. बोटाने काढावं तर जिथे रेघ ओढायची तीच जागा बोटाखाली झाकते, आणि पेनासारखी दाबून जाड, हलकी धरून बारीक अशी रेघ बोटाला साधत नाही. तासाभराचा व्हिडिओ क्लास जीबीभर डेटा खाऊ शकतो. उन्हाळ्यातली आपल्याकडची लाईट तर तुम्हाला माहीतच आहे! आणि मेळघाटातल्या शिक्षकमित्रांना मी रेंजबद्दल काय सांगावं.

वेळेचंही बघा. २०२० साली केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला फार तर दोन ऑनलाईन तासिका, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांच्या, असं सांगितलं होतं. काही क्लास सलग दीड तास चालतात. पाचवीच्या लेकराला ते झेपत नाही, हे वर्गात उभं राहणाऱ्या कोणालाही कळेल.

हप्त्यांबद्दल मात्र मी आईला स्पष्ट बोलले. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयानेच अशा कंपन्यांबाबत पालकांना सावध केलं होतं. खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका, नीट न वाचता कर्जाच्या कागदावर सही करू नका. सोडायचं झालं तर पैसे परत कसे मिळतील, हे लेखी घ्या. फोनवरचा गोड आवाज नंतर सापडत नाही.

काही पालकांना वाटतं, डिजिटल शिकलं की एलिमेंटरी, इंटरमिजिएटचीही तयारी होते. तसं नाही. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन हे सगळं कागदावर काढायचं असतं. तिथे चुकलेली रेघ मागे घ्यायचं बटण नाही. उलट कागदावर बसलेला हात पुढे पडद्यावर कामी येतो, असं अकोल्याचे ते सरही सांगतात.

मग आम्ही काय केलं? शाळेच्या लॅपटॉपवर क्रिता टाकलं. ते मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर जिंप, इंकस्केप अशा मोफत सॉफ्टवेअरचे छोटे धडे आहेत. ते बघून थर म्हणजे काय ते आधी मी शिकले, मग तिला दाखवलं. आता ती शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास बसते. बैल एका थरावर, झूल दुसऱ्या. झुलीचा रंग बदलला तरी बैल तसाच राहतो, हे पाहून ती केवढी हसली! बाकीच्या वर्गाला मी चौकटीच्या वहीत एकेक घर रंगवून चित्र करायला दिलं. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या मुलींना पिक्सेल समजवायला दोन मिनिटं लागली.

माउसने चेहरे काढणं तिला जड जातं, आणि तिथे मी अडते. चेहऱ्याची चूक दिसते, पण ती कशी दुरुस्त करायची ते मला सांगता येत नाही. पोरीला आज ना उद्या जाणता शिक्षक लागणारच. म्हणून सातवीत गेल्यावर छोट्या बॅचचा, मराठी बोलणारा, महिन्याच्या महिन्याला पैसे घेणारा क्लास बघायचा, असं आम्ही ठरवलं आहे. तोवर पाटीसाठी आई महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकते आहे. त्या कंपनीचा फोन परवा पुन्हा आला होता. "बॅचमध्ये पोरं किती?" असं आईने विचारल्यावर त्यांनी मोठ्या साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.