वहीतील वेगळे पान

पापडी हे शुक्रवारच्या बाजारासाठी ओळखले जाणारे वसईतील जुने गाव. येथून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचे, तर वसई रोड स्थानक गाठावे, चर्चगेटची लोकल धरावी आणि दादरला अथवा प्रभादेवीला उतरावे. मालखरेदीसाठी नित्य मुंबईला जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या आईला मात्र त्याच डब्याचे भय वाटते. मुलाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि शेजारच्या प्रवाशाचा साधा खोकलाही त्याला पुन्हा खाटेवर नेऊ शकतो. त्याच कारणाने शाळेचा वर्गही त्याला बंद होतो.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा. त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले महिने कठोर असतात. पुढील टप्प्यात अनेक मुले शाळेत जाऊ शकतात. परंतु तोवर वर्गमित्र वरच्या इयत्तेत गेलेले असतात. दुसरीत आजारी पडलेले मूल बरे होते, तेव्हा त्याचे वय पाचवीचे आणि वाचन दुसरीचे असते. मेंदूवर किरणोपचार झाले असतील, तर एकाग्रता, स्मरण आणि लिहिण्याचा वेग यांवरील परिणाम कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण, असा अधिकार २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिला आहे. तो अधिकार प्रत्यक्षात उतरावा, यासाठी शाळेच्या पायऱ्या पुनःपुन्हा चढणारे कोणी तरी लागते. दमलेल्या आईबापांकडे तेवढे बळ उरलेले नसते.

परळच्या परिसरात दानाची परंपरा मोठी आहे. ते रुग्णालयच मुळी १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेले. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्या मुखी अन्न पडावे म्हणून ‘जीवनज्योत’ ट्रस्ट गेली अनेक वर्षे झटत आहे. उपचारांसाठी दूरगावांहून आलेल्या मुलांना पालकांसह मोफत निवारा देणारी सेंट ज्यूड केंद्रे २००६ पासून चालू आहेत. अन्न, औषध, निवारा यांचे दान त्याच दिवशी पोचते आणि डोळ्यांना दिसते. शिक्षणाचे दान पोचायला दहा वर्षे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. बरी होणाऱ्यांचे प्रमाण २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्टही तिने २०१८ मध्ये समोर ठेवले आहे. म्हणजे वाचलेल्या मुलांची संख्या वाढतच जाणार, आणि वाचलेल्या मुलाला शाळा हवी.

समजा, पापडीतील चार व्यापारी कुटुंबांनी अशा मुलांच्या शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. हेतू निर्मळ, देणगी भरघोस. पहिल्या वर्षी दहा मुलांची फी भरली जाते. दुसऱ्या वर्षी सभेपुढे दोन अर्ज येतात. एका मुलाचे औषध अडले आहे आणि उद्याच पैसे हवेत. दुसरी मुलगी बरी झाली आहे. तिची नववीची फी आणि शिकवणी बाकी आहे. विश्वस्त हळवे असतात. ‘आधी जीव, मग शाळा’ असे कोणी तरी म्हणते, आणि त्याला विरोध करण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. तिसऱ्या वर्षीही हेच घडते. कोणीही एक पैसा खाल्लेला नसतो, हिशेब चोख असतात आणि तरीही त्या मुलीची शाळा सुटते. ट्रस्ट अप्रामाणिकपणाने बुडतात तसे दयेनेही बुडतात, आणि हे दुसरे बुडणे लेखापरीक्षकाच्या नजरेला सहसा पडत नाही.

याचे उत्तर जैन व्यापाऱ्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. देवद्रव्य आणि साधारण खाते यांची सरमिसळ होऊ नये, हा संस्कार त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. साधारणाची कितीही अडचण असली तरी देवद्रव्याला हात लावायचा नाही, जीवदयेचा पैसा जीवदयेलाच, हे मुनीमसुद्धा जाणतो. या आग्रहापायी समाज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० मध्ये आला, तेव्हा रतिलाल पानाचंद गांधी या जैन देरासराच्या वहिवटदारांनी त्याला आव्हान दिले. १९५४ च्या निकालात न्यायालयाने हिशेब, तपासणी आणि देखरेख यांचा शासनाचा अधिकार मान्य केला. परंतु संस्थापकाचा मूळ धार्मिक उद्देश पार पाडता येत असताना केवळ अधिकाऱ्याला वा न्यायालयाला अधिक योग्य वाटते म्हणून तो पैसा दुसरीकडे वळविणे, हे अतिक्रमण ठरविले. तो निकाल धार्मिक निधीपुरता आहे, हे खरे. तरी त्यामागील न्याय कर्करोगग्रस्त मुलाच्या फीच्या पैशालाही लावावयास हरकत नाही. तेव्हा भय सरकारी अधिकाऱ्याचे होते. आज ते स्वतःच्याच बैठकीचे बाळगावे लागेल.

म्हणून शिक्षणनिधीचे खाते वेगळे असावे, आणि ते वेगळेपण न्यासपत्रातच लिहिलेले असावे. उपचारांना मदत करायची असेल तर अवश्य करावी, पण त्यासाठी दुसरी पेटी ठेवावी. येथे प्राप्तिकराचे गणितही ध्यानात घ्यावे लागते. धर्मादाय ट्रस्टला करसवलत हवी असेल, तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग सामान्यतः त्याच वर्षी खर्च करावा लागतो. विशिष्ट कारणासाठी साठवायचे म्हटले तरी मुदत पाच वर्षांची. दुसरीतल्या मुलाला बारावीपर्यंत सांभाळण्याचे वचन दहा वर्षांचे आहे. ही पाच वर्षांची दरी वार्षिक देणग्यांनी भरत नाही. त्यासाठी दात्यांनी ‘कायम निधीसाठी’ असे लेखी नमूद करून मुद्दल द्यावे, ते कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणी गुंतवावे आणि जितकी मुले त्या व्याजावर निभतील तितकीच घ्यावीत. वीस मुलांना दोन वर्षे शिकवून सोडण्यापेक्षा पाच मुलांना शेवटपर्यंत नेणे बरे. व्यापारी उधारी देताना हा हिशेब करतो. दान देताना मात्र तो विसरतो.

विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळविणे, दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून तपासून घेणे, ही कामे नीरस खरी. परंतु वडिलांच्या जागी थोरला की धाकटा, या वादात बदल अर्ज अडकला आणि बँकेने सह्या थांबविल्या, तर जूनमध्ये मुलाची फी कोण भरणार? कुटुंबाबाहेरचे निदान दोन विश्वस्त, एखादे निवृत्त शिक्षक आणि एखादे बालरोगतज्ज्ञ असतील तर घरातील वाद घरातच राहतो. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने काम करतो. तसा अनुभव घेतलेला एखादा तरुण मंडळावर असला, तर तो विचारील ते प्रश्न इतरांना सुचणारच नाहीत.

त्यातला पहिला प्रश्न बहुधा छायाचित्राचा असेल. वह्यावाटपाच्या समारंभात केस गळालेल्या मुलीला मंचावर उभे करून छायाचित्र काढले जाते आणि दात्याच्या नावासह छापले जाते. पाच वर्षांनी तीच मुलगी नव्या शाळेत जाते, पुढे तिच्या विवाहाची बोलणी निघतात, आणि ते छायाचित्र कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतेच. दात्याचे नाव फलकावर असावे. मुलाचे नाव फक्त विश्वस्तांच्या वहीत असावे.

त्या वहीत प्रत्येक मुलाच्या क्रमांकापुढे तीनच रकाने पुरेत: इयत्ता, हजेरी, फी भरल्याची तारीख. वार्षिक सभेत जमाखर्च मंजूर करण्याआधी ते पान वाचले जावे. ज्या क्रमांकापुढे सहा महिने काहीच लिहिलेले नाही, त्या मुलाच्या घरी येत्या रविवारी कोण जाणार, हे सभा उठण्यापूर्वी ठरावे आणि जाणाऱ्याचे नाव इतिवृत्तात लिहिले जावे.