धाव दिसते, थांबणं दिसत नाही

२ नोव्हेंबर २०२४. बोर्नमथच्या जेमतेम अकरा हजार प्रेक्षक मावणाऱ्या मैदानावर मँचेस्टर सिटी खेळायला आली होती. सलग चार वर्षं प्रीमिअर लीग जिंकलेला संघ, लीगमध्ये सलग ३२ सामने न हरलेला. बोर्नमथने त्याआधी सिटीला एकदाही हरवलेलं नव्हतं. नवव्या मिनिटाला डाव्या बगलेवरून एक बचावपटू वर आला, त्याने चेंडू आत दिला आणि सेमेन्योने गोल केला. दुसऱ्या सत्रात, ६४व्या मिनिटाला, त्याच बगलेवरून तोच मुलगा पुन्हा वर आला आणि त्याच्या पासवर एव्हानिल्सनने दुसरा गोल नोंदवला. सामना बोर्नमथने २-१ असा जिंकला. दोन्ही गोलांमागे असलेल्या मिलोश केर्केझला एकवीस वर्षं पूर्ण व्हायला अजून पाच दिवस होते.

त्या सामन्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या आणि त्यातली केर्केझची धाव सगळ्यांनी पाहिली. मुलांना बचाव शिकवणं हे माझं काम आहे, त्यामुळे माझी नजर त्या धावेच्या शेवटाकडे जाते. हा खेळाडू वेगवान आहे हे कुणीही सांगेल. तो वेग बचावात नेमका कसा कामी येतो, आणि कधी नडतो, हे सांगायला जरा जवळ जाऊन पाहावं लागतं.

केर्केझचा जन्म ७ नोव्हेंबर २००३चा, सर्बियाच्या व्होयव्होदिना प्रांतातल्या व्हर्बास गावचा. या प्रांतात हंगेरियन वस्ती मोठी आहे. पोरवयातच तो ऑस्ट्रियात रॅपिड व्हिएन्नाच्या अकादमीत गेला, तिथून हंगेरीत आला आणि ग्योरच्या संघाकडून मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये उतरला. २०२१च्या सुरुवातीला एसी मिलानने त्याला उचललं. डावा बचाव कसा खेळावा याचा वस्तुपाठ जगाला देणारा पाओलो मालदिनी तेव्हा त्या क्लबचा तांत्रिक संचालक होता. पण मिलानच्या मुख्य संघाकडून खेळायची संधी काही मिळाली नाही. अठरा वर्षांच्या मुलाने अशा वेळी मोठ्या नावाला चिकटून बसावं की बाहेर पडावं? केर्केझ बाहेर पडला. जानेवारी २०२२मध्ये तो नेदरलँड्सच्या एझेड अल्कमारकडे गेला आणि तिथे त्याला जे हवं होतं ते मिळालं, आठवड्यामागून आठवडे सामने. पुढच्याच मोसमात अल्कमारने युरोपा कॉन्फरन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. जुलै २०२३मध्ये बोर्नमथने त्याला इंग्लंडला नेलं.

मधल्या काळात, २३ सप्टेंबर २०२२ला, लाइपझिगमध्ये जर्मनीविरुद्ध त्याचं हंगेरीसाठी पदार्पण झालं होतं. प्रशिक्षक मार्को रॉसींनी अठरा वर्षांच्या पोराला थेट जर्मनीसमोर डाव्या बगलेवर उभं केलं आणि हंगेरीने तो सामना १-० असा जिंकला. या देशाच्या फुटबॉलचा विषय निघाला की पुश्काश, कोचिश, हिदेगकुटी ही आघाडीची नावं ओठांवर येतात. १९५३मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असं लोळवणाऱ्या त्या संघात बचावाला उजवीकडे बुझान्स्की आणि डावीकडे लांतोश होते, हे फारसं कुणाला आठवत नाही. लांतोशच्या पायात एवढी ताकद होती की पेनल्टी त्याच्याकडे सोपवली जायची. १९५४च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध त्याने पेनल्टीवर गोलही केला. हंगेरीला चांगल्या बचावपटूंची परंपरा आहे, फक्त तिची गाणी कुणी गायली नाहीत. १९८६नंतर हा देश विश्वचषकाला पोहोचलेला नाही. त्यामुळे सोबोस्लाई आणि केर्केझच्या पिढीवर तिथल्या लोकांचा फार जीव आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बचावपटूचा वेग तीन ठिकाणी कामाला येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे परतीची धाव. चेंडू डोक्यावरून मागे पडला की नवखा बचावपटू चेंडूच्या मागे धावतो. जाणता बचावपटू आपल्या गोलच्या दिशेने, आतल्या बाजूला धावतो, कारण त्याला चेंडू नव्हे, चेंडू आणि गोल यांच्यामधली वाट गाठायची असते. केर्केझ ही रेषा बहुतेक वेळा बरोबर धरतो. त्याच्याकडे वेग आहे म्हणून तो मैदानात दहा पावलं वर उभा राहू शकतो, आणि तो वर उभा राहिला की सगळा संघच वर सरकतो.

दुसरं ठिकाण चढाईचं. पुढचा विंगर आत वळला की रिकाम्या झालेल्या बाजूच्या पट्ट्यातून हा वर निघतो. ही धाव कधी सुरू करायची, हे फार महत्त्वाचं. लवकर निघाला तर समोरचा बचावपटू सावध होतो, उशिरा निघाला तर पास त्याच्या पुढून निघून जातो. केर्केझ चेंडू मिळण्याआधीच पूर्ण वेगात असतो आणि डाव्या पायाने पहिल्याच स्पर्शात चेंडू गोलरक्षक आणि बचावफळी यांच्या मधल्या पट्टीत सोडतो.

तिसरं ठिकाण, आणि माझ्या लेखी सर्वांत अवघड, म्हणजे समोरासमोरची गाठ. विंगर चेंडू घेऊन अंगावर येतो. बचावपटू वीस-पंचवीस मीटरवरून धावत त्याच्यापर्यंत पोहोचतो. याच जागी वेग घात करतो. त्याच वेगात पोहोचलात तर विंगर खांद्याने नुसता झोका देतो आणि तुम्ही त्याच्या पलीकडे निघून जाता. शेवटच्या तीन-चार मीटरमध्ये पावलं बारीक करावी लागतात, गुडघे वाकवून कंबर खाली आणावी लागते, एक पाय पुढे नि एक मागे ठेवून शरीर तिरकं करावं लागतं, म्हणजे विंगरला आतली वाट बंद आणि बाहेरची उघडी दिसते. मग नजर चेंडूवर ठेवून थांबायचं. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूचा पाय पूर्ण टेकेपर्यंत हलत नाही, तसंच हे. विंगरने चेंडू पायापासून वीतभर लांब ढकलला की तो क्षण आपला.

माझ्या सरावात मुलं या तीन-चार मीटरला सर्वांत जास्त कंटाळतात. शंकू मांडून मी त्यांना पळायला सांगतो तेव्हा कुणी कुरकुरत नाही. पळून थांबा म्हटलं की चेहरे पडतात. मातीच्या मैदानावर थांबणं खरोखरच कठीण जातं, बूट घसरतात, मांड्या भरून येतात. पण अंगात वेग असलेल्या मुलालाच ब्रेक जास्त लागतो, कारण त्याला जास्त वेग मारायचा असतो.

बोर्नमथमध्ये प्रशिक्षक अँडोनी इराओलांनी केर्केझला नेमकं हेच काम दिलं. त्यांच्या पद्धतीत समोरच्या संघाला त्याच्याच अर्ध्यात जाऊन गाठायचं असतं आणि प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा असतो. आपला माणूस निसटला तर मागे सावरायला सहसा कुणी नसतं. हे सोपं नव्हतं. इराओलांच्या पहिल्या मोसमात बोर्नमथला पहिल्या नऊ लीग सामन्यांत एकही विजय मिळाला नाही आणि केर्केझची जागाही पक्की नव्हती. दुसऱ्या मोसमात, २०२४-२५मध्ये, तो लीगचे ३८च्या ३८ सामने खेळला. एवढं धावणाऱ्या खेळाडूने वर्षभर एकही सामना न चुकवणं हे शरीर किती तयार आहे आणि सराव किती शहाणा आहे याचं प्रमाण आहे. बोर्नमथ ५६ गुणांसह नववा आला. त्या उन्हाळ्यात त्याच बचावफळीतला हाउसन रेआल माद्रिदला, झाबार्नी पॅरिसला आणि केर्केझ लिव्हरपूलला गेला. केर्केझसाठी सुमारे ४ कोटी पौंड मोजल्याच्या बातम्या आल्या.

लिव्हरपूलमध्ये प्रश्न उलटा झाला. बोर्नमथविरुद्ध संघ पुढे येऊन खेळायचे, त्यामुळे केर्केझपुढे मोकळं गवत असायचं. लिव्हरपूलविरुद्ध बरेच संघ आपल्या गोलसमोर भिंत बांधून बसतात. धावायला जागा पुढे उरत नाही. ती उरते त्याच्या पाठीमागे. १४ सप्टेंबर २०२५ला बर्नलीविरुद्ध त्याला खोटं पडल्याबद्दल पिवळं कार्ड मिळालं आणि ३८व्या मिनिटाला प्रशिक्षक आर्ने स्लॉटनी त्याला बाहेर काढून अनुभवी डावा बचावपटू रॉबर्टसनला उतरवलं. काहींना हा अपमान वाटला. मला निर्णय पटला. कार्ड मिळालेला बगलेचा बचावपटू टॅकल करायला बिचकतो, आणि बिचकणाऱ्या बचावपटूच्या अंगावर सगळा विरोधी संघ चेंडू पाठवतो. भिंतीसमोर खेळताना केर्केझला धाव राखून ठेवायला शिकावं लागेल: दोनदा चेंडू साधा परत द्यायचा आणि तिसऱ्यांदा निघायचं. रॉबर्टसनसारखा जाणता खेळाडू त्या मोसमात रोज शेजारी सराव करत होता, यापेक्षा चांगली शाळा नव्हती.

या सगळ्यातून आपल्याकडच्या प्रशिक्षकांना एक आग्रहाने सांगायचं आहे. मुलगा वेगवान दिसला की आपण त्याला विंगवर पाठवतो आणि जो पळू शकत नाही त्याला मागे उभा करतो. मग आपली बचावफळी घाबरून गोलजवळ चिकटते आणि आघाडीच्या मुलांना अर्धं मैदान एकट्याने ओलांडावं लागतं. केर्केझचा प्रवास सांगतो की वेग मागे असला तर सगळा संघ पुढे जातो. पुढच्या मोसमात तुमच्या संघातला सर्वांत वेगवान मुलगा डाव्या बचावावर खेळवा. पहिले काही सामने तो चुकेल, गोल होतील, पालक विचारतील. तरी त्याला तिथेच ठेवा, आणि रोज पळायला लावाल तितकंच थांबायलाही शिकवा.