वैनगंगेच्या अलीकडे

चंद्रपूरहून गडचिरोलीचा रस्ता लोहारा, चिचपल्लीच्या जंगलातून मूलला येतो. पुढे सावली, व्याहाड आणि वैनगंगेचा पूल. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या रस्त्यावर दोघांची हद्द ही नदीच. अंतर सुमारे ८० किलोमीटर. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की माणसाआधी गाडी दमते.

अब्बांची जुनी, मागे झोपायची सोय केलेली गाडी घेऊन आम्ही निघालो होतो. गडचिरोलीहून फुफूंना घ्यायचे आणि आलापल्लीचे सागवान पाहायचे. मूलजवळ बोनेटखालून वाफ आली. सोबत सत्तरीच्या अम्मी.

मिस्त्रीने आधी सर्वांना लिंबाच्या सावलीत बसवले. ‘‘तासभर झाकणाला हात लावू नका, उकळते पाणी तोंडावर येईल,’’ तो म्हणाला. गाडी गार झाल्यावर त्याने खालची तोटी उघडून पाणी काढले, दोन्ही होजपाइप सोडवले, बोल्ट काढले. पंख्याची पाती जाळीला लागू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवला आणि रेडिएटर सरळ वर उचलला. बोअरच्या जड पाण्याचा खार आत साचला होता. रेडिएटर तांब्या-पितळेचा, म्हणून गळतीवर डाग देता आला. परत बसवून पाणी भरले, झाकण उघडे ठेवूनच इंजिन चालू केले. बुडबुडे थांबेपर्यंत हवा निघू दिली.

तोवर शेजारच्या घरातून अम्मींसाठी माठातले पाणी आणि पन्हे आले. ओळख ना पाळख!

निघताना मिस्त्री म्हणाला, ‘‘पुढे जंगल आहे, सर. दोन कॅन ठेवा. एक गाडीचा, एक माणसांचा.’’

उन्हाळ्यात या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे ऐकावे, आणि फजरनंतर लगेच निघावे.