लाल पट्टी कुठल्या बाजूला?

दिवाळीत कुहीला मामांकडे गेलो होतो. चहा संपायच्या आत मामा म्हणाले, "अबे, तू कम्प्युटरचा इंजिनीअर ना? मग तो जुना डब्बा चालू करून दे मले."

डब्बा म्हणजे मामांच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानातला २००४ चा असेंबल्ड पीसी. दुकान कधीच बंद झालंय, पण त्या डिस्कवर आजीच्या गावातल्या घराचे फोटो आहेत. ते घर आता नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ सालची. पुढे कुही तालुक्यातली बरीच गावं बुडीत क्षेत्रात गेली, त्यात हेही. नवीन गावठाणात जायच्या आधी मामांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून फोटो काढले. प्रिंट एकही नाही. आजीला आता कमी दिसतं, आणि "एकदा दाखव ना रे" हे ती दर वेळी म्हणते.

मी उघडून बघतो तर डिस्कची केबल उंदरांनी कुरतडलेली! मामांनी वायरींची पेटी आणून पुढ्यात ओतली. आणि मंडळी, रोज क्लाउडच्या गप्पा मारणारा हा प्राणी गप्प झाला. माझ्या लॅपटॉपला सगळी भोकं एकाच प्रकारची. इथे वीस प्रकार!

मामांनी मात्र भाजी निवडावी तशी वाटणी केली. "भोकं मोज अन् ओळी मोज. बाकी काही नाही."

तीन ओळींत १५ पिना, निळं तोंड: मॉनिटर. तेवढ्याच आकाराचं, पण दोन ओळींत ९ पिना: सीरियल, जुना मॉडेम किंवा माउस. २५ पिना आणि दुसऱ्या टोकाला रुंद, तारेच्या कड्यांनी अडकणारं ३६ चं तोंड: डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. गोल, ६ पिनांचं जांभळं म्हणजे कीबोर्ड, हिरवं म्हणजे माउस. "अन् ही गोल वायर मशीन चालू असताना काढायची नाही, बोर्ड जाते."

उरल्या दोन चपट्या पट्ट्या. मी एक उचलून लावायला लागलो तर मामा ओरडले, "काहून घाई करतं? ते फ्लॉपीचं हाय!" खरंच, त्या पट्टीत ३४ तारा होत्या आणि एका टोकाजवळ काही तारा पिळलेल्या. डिस्कची पट्टी ४० पिनांची. आपल्याकडची ८० बारीक तारांची निघाली: निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक डिस्कला, मधलं करडं दुसऱ्या डिस्कसाठी. मधलं एक भोक बुजवलेलं असतं, म्हणजे उलटी बसू नये. तरी सगळ्याच पट्ट्यांना ते नसतं, म्हणून कडेची लाल तार बघायची: ती १ नंबरच्या पिनकडे, डिस्कवर बहुतेक वेळा पॉवरच्या वायरीच्या बाजूला.

लावली. बटण दाबलं. पंखा घरघरला, आणि स्क्रीनवर तारीख आली १ जानेवारी २००२! बोर्डावरची बॅटरी मेलेली. एफ-वन दाबलं, दोन मिनिटं कुणी बोललं नाही, आणि मग एक्सपीचं ते हिरवं माळरान दिसलं. हुश्श! आधी सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, मग श्वास घेतला.

फोटो १७ निघाले. अर्धे हललेले. आजीला स्क्रीनच्या अगदी जवळ बसवलं. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग बोट लावून म्हणाली, "हे सपरी. अन् इथं माह्या तुळशीचं." मला तिथे फक्त एक करडा ठिपका दिसत होता.

असो. पुण्याला येताना मामांनी ती चपटी पट्टी माझ्या बॅगेत टाकली. तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. वायरी भंगारात देण्याआधी डिस्कवर काय आहे ते एकदा बघून घ्या. आणि आजोळच्या माणसांना विचारायला लाजू नका.