छत्रीचे क्षेत्रफळ

आकाशातून उडी घेणाऱ्याला छत्री न उघडण्याचेच भय असणार, असे जमिनीवरच्या माणसाला वाटते. फ्लोरिडातील डीलँडसारख्या मैदानांवर नित्य उड्या घेणाऱ्यांचे भय निराळे असते. मुख्य छत्री फसली तर पाठीवर राखीव छत्री असते. माणूस शुद्ध हरपला तरी ती आपोआप उघडणारे ‘सायप्रेस’ हे जर्मन यंत्र १९९१ साली आले. तरीही माणसे मरतात, आणि त्यांतली कित्येक पूर्ण उघडलेल्या, निर्दोष छत्रीखाली!

कारण साध्या भागाकारात आहे. साधनांसह १९० पौंड भरणाऱ्याने १९० चौरस फुटांची छत्री घेतली, तर दर चौरस फुटावर एक पौंड भार येतो. नवशिक्याला एवढाच, किंबहुना याहून कमी, मानवतो. तोच १३५ चौरस फुटांवर उतरला की भार १.४ होतो. छत्री वेगाने धावू लागते, जरा दोरी ओढताच वळते आणि वळताना झपाट्याने उंची गमावते. जमिनीजवळ कोणी आडवे येते, हात दचकून एक दोरी खाली खेचतो. माणूस लंबकासारखा बाहेर झुलतो आणि छत्री डोक्यावर परतण्याआधीच जमीन येते.

मैदानावर मात्र लहान छत्री हीच प्रतिष्ठा. क्वचित एखादा मुरलेला गडी जुनी, ऐसपैस छत्रीच बाळगतो. विमानात चढण्यापूर्वी मुठी आणि पट्टे पुन्हा चाचपतो. वारा चढला की ओझे उतरवून स्वस्थ बसतो. विमान त्याच्यावाचून निघून जाते.