वाद्याची स्मृति

बुद्धीचे स्मृति आणि अनुभव असे दोनच भेद अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत केले आहेत. तो ग्रंथ आम्हीं लहानपणीं वडिलांच्या धाकानें पाठ केला. ज्ञान हा आत्म्याचा गुण, म्हणून स्मृति ही चेतनाचीच मिरास, असें त्या शास्त्रांत गृहीतच धरलेलें आहे. गेल्या आश्विनांत मात्र आमच्या आलापल्लीच्या घरांत आठ दिवस एका वाद्याच्या स्मृतीवांचून दुसरा विषय नव्हता, आणि ती स्मृति साधारण हल्लींच्या रुपयाएवढ्या एका सेलवर तगून होती. जुनीं इलेक्ट्रॉनिक वाद्यें पुष्कळ घरांत माळ्यावर पडून असतात. त्या मंडळींच्या उपयोगी पडेल म्हणून ही हकीकत जरा तपशिलानें लिहितों.

वाद्य आमच्या धाकट्या बंधूचें. यामाहा कंपनीचें डीएक्स-सेव्हन नांवाचें सिंथेसायझर, १९८३ सालीं बाजारांत आलेलें. बंधूनें तें दहा-अकरा वर्षांनीं नागपुरास एका वाद्यवृंदवाल्याकडून जुनें विकत घेतलें. एकसष्ट पट्ट्या, वर चपट्या बटणांच्या रांगा आणि अक्षरें दिसण्याची एक इवलीशी खिडकी. पेटींत हवेनें पितळेची पात कांपते आणि सूर निघतो. येथें हवाहि नाहीं आणि पातहि नाहीं, सगळा आंकड्यांचा खेळ. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतले जॉन चाउनिंग यांना १९६७ सालीं असें आढळलें कीं, एका ध्वनिलहरीची कंपनसंख्या दुसऱ्या लहरीनें अतिशय जलद हालविली, तर कानाला तें हालणें ऐकूंच येत नाहीं. त्याला एक निराळाच, भरदार ध्वनि ऐकूं येतो. गवयाच्या स्वराचें आंदोलन इतकें जलद झालें कीं आवाजाची जातच पालटली, असें म्हणा ना! ही युक्ति यामाहा कंपनीनें त्या विद्यापीठाकडून हक्क घेऊन वापरली. या वाद्यांत एकेका आवाजासाठीं अशा सहा लहरी असतात आणि त्या एकमेकींवर चढविण्याच्या बत्तीस रचना. घंटा, झांज, टाळ असले धातूचे ध्वनि त्यांतून फार चांगले निघतात. सनई मात्र बरी निघत नाहीं, असें आमचें मत. बंधूला तें कधींच मान्य झालें नाहीं.

बंधूची नोकरी लांकडाच्या आगारांत. आमच्या भागांतला साग २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं गेला, त्याचा येथील लोकांना अभिमान आहे. पण बंधूचा जीव सागांत नव्हता, नाटकांत होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीच्या मुलखांत दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्तानें गांवोगांव रात्रभर नाटकें होतात. कंपन्यांचें मुख्य ठाणें वडसा, म्हणजे कागदोपत्रीं देसाईगंज. पुण्या-मुंबईकडील वाचकांना या रंगभूमीची वार्ता बहुधा २०२३ सालीं डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हां लागली असेल. येथें नट स्वतः गातात आणि रंगमंचाजवळ ऑर्गन, तबला, हल्लीं ऑक्टोपॅड व सिंथेसायझर घेऊन वादक बसतात. पौषाच्या थंडींत पहांटे चारला, घोंगडी पांघरलेल्या हजार माणसांपुढें, यम आला तर यमाचा आवाज निघावा लागतो, आणि सती देवळांत शिरली तर घंटा वाजावी लागते. बंधू रजा सांठवून सांठवून तेथें वाजवावयास जात असे.

या वाद्याच्या पोटांत एका वेळीं बत्तीस आवाज राहतात. कारखान्यानें भरलेले आवाज त्यानें एकेक करून पुसले आणि स्वतः जुळविलेले भरले. प्रत्येकास नांव द्यावयाचें तें रोमन लिपींत, दहा अक्षरांच्या आंत. 'देवघर', 'यमदूत', 'पाऊस दोन', 'वडसा पहाट' अशीं तीं नांवें. 'पाऊस एक' कोठें गेला, कोण जाणे. एकाचें नांव नुसतें 'नको' असें आहे. 'देवघर' हा आवाज त्यानें आमच्या आईची पूजेची घंटा समोर ठेवून, महिनाभर कानाशीं धरून जुळविला. घंटा अद्याप आमच्या देवघरांत आहे आणि रोज वाजते. खरें सांगावयाचें तर दोन्ही आवाज हुबेहूब एक नाहींत. परंतु मांडवांत कर्ण्यांतून जो ऐकूं येई तो वाद्याचाच अधिक घंटेसारखा वाटे.

चार वर्षांपूर्वीं बंधू गेला. तेव्हांपासून वाद्य चादरींत गुंडाळून होतें. भावजय कधींमधीं दिवेलागणीस तें उघडून 'देवघर' लावी, दोन सूर दाबी आणि पुन्हा झांकून ठेवी. घरांतलें कोणी त्याबद्दल बोलत नसे.

आतां स्मृतीचें प्रकरण. फार जुन्या सिंथेसायझरांत आवाज जतन करण्याची सोय नसे; वादक बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवीत. १९७८ च्या प्रॉफेट-फाइव्ह या वाद्यापासून ती सोय रूढ झाली. परंतु त्या काळच्या स्मृति-चिपेला अखंड वीज लागे. वाद्य बंद केलें कीं मुख्य वीज जाते. मग आंतला एक लहान सेल तिला जगवितो. निजलेल्या माणसाचा श्वास चालूं असतो, तसें. आमच्या वाद्यांतला सेल सीआर-२०३२ जातीचा, मोटारीच्या किल्लींत किंवा संगणकाच्या पोटांत असतो तोच. शाळेंतल्या संगणकांना एकाएकीं भलतीच तारीख दिसूं लागे, ती हाच सेल संपल्यामुळें. नांवांतच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दाब तीन व्होल्टचा आणि सांठा सुमारें २२० मिलिअँपिअर-तासांचा. निजलेली चिप एक मायक्रोअँपिअर घेते असें धरलें, तर २ लाख २० हजार तास, म्हणजे पंचवीस वर्षें. दोन घेत असेल तर साडेबारा. शिवाय सेल आपणहून थोडा थोडा झिजतो तो निराळाच, आणि आमच्याकडील वैशाख त्याला मानवत नाहीं.

बंधूनें हा सेल २००३ सालीं एकदां बदलून घेतला होता. सेल निघाला कीं सर्व आवाज जातात, म्हणून त्यानें आधीं एकेका आवाजाचे दीडशेच्या आसपास आंकडे वह्यांत उतरविले आणि नंतर पुन्हा हातानें भरले; बत्तीस आवाजांचे मिळून साडेचार हजारांवर आंकडे! त्या वह्या पुढें वाळवीनें खाल्ल्या. म्हणजे आतां त्या आवाजांची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नव्हती.

दसऱ्याला पुतण्या पुण्याहून आला. या वाद्यांत सेलचा दाब दाखविणारें एक बटण आहे. त्यानें तें सहज दाबलें तों खिडकींत २.२ असा आंकडा उमटला. नवा सेल तीनच्या वर दाखवितो. "थोरले काका," तो म्हणाला, "हा आज आहे, उद्यां नाहीं." लगेच त्यानें असाहि विचार मांडला कीं आवाज संगणकावर उतरवून घ्यावे आणि वाद्य सोडून द्यावें. डेक्स्ड नांवाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, तो या वाद्याची हुबेहूब नक्कल करतो. मग चौदा-पंधरा किलोचें हें धूड कशाला? भावजयीनें एवढेंच विचारलें, "त्या संगणकाला पट्ट्या कुठें आहेत?" पुतण्यानें पट्ट्या निराळ्या मिळतात असें सांगितलें. तिचें समाधान झालें नाहीं, आणि आमचेंहि नाहीं. आवाज म्हणजे नुसते आंकडे नव्हेत. कोणती पट्टी किती जोरानें दाबली म्हणजे घंटा किती झणझणेल हें बंधूनें याच पट्ट्यांवर, याच बोटांनीं ठरविलें होतें. पण आधीं आंकडे वांचवावे, भांडण मागाहून करतां येईल, यावर एकमत झालें.

भिन्न कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून १९८३ सालीं मिडी नांवाची एक भाषा ठरली. ती बोलणारी तार पुतण्यानें नागपुराहून मागविली. वाद्य आपली स्मृति सहजासहजीं बाहेर सोडीत नाहीं. आधीं यंत्राची अंतर्गत माहिती द्यावयास परवानगी आहे अशी एक खूण त्याला करावी लागते, तेव्हांच 'पाठवूं काय' असा प्रश्न खिडकींत उमटतो. पुतण्यानें 'होय' दाबलें. बत्तीस आवाजांचे ४०९६ बाइट, मागचे-पुढचे बांधणीचे आठ धरून ४१०४. त्या तारेच्या गतीनें हिशेब केला तर सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ. ज्या कामाला आमच्या बंधूच्या वीसेक वर्षांच्या रात्री लागल्या, तें सव्वा सेकंदांत तारेंतून निघून गेलें. आम्हांस त्या वेळीं काय वाटलें तें लिहीत नाहीं. पुतण्यानें मात्र तेवढ्यावर भरंवसा ठेवला नाहीं, हें त्याचें आम्हांस कौतुक वाटलें. त्यानें तीच क्रिया तीनदां केली, तिन्ही प्रती जुळवून पाहिल्या, आणि डेक्स्डमध्यें एकेक आवाज वाजवून आईला ऐकविला. ती 'हो' म्हणाल्यावर पुढला. 'नको' पाशीं ती थोडी थांबली आणि मग 'हो' म्हणाली.

वेदांचें एकहि अक्षर हलूं नये म्हणून आमच्या पूर्वजांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे किती बंदोबस्त केले. एकच पाठ, एकाच कंठांत, असा भरंवसा त्यांनीं कधीं ठेवला नाहीं. पुतण्याला हें सांगितल्यावर त्यानें चौथी प्रत धाकट्या बहिणीकडे पाठवून दिली.

सेल बदलण्याचें काम आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें केलें. तो चौकांत टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त करतो. या वाद्यांतला सेल घरांत खोंचलेला नसतो, त्याच्या दोन्ही अंगांना वितळजोड केलेल्या पत्र्याच्या जिभा असतात आणि त्या मंडलावर कथिलाच्या डाखानें पक्क्या केलेल्या असतात. आम्हीं विचारलें कीं नवा सेल तसाच डाख देऊन कां बसवूं नये. "गुरुजी, सेलाले सीधा सोल्डर नाही माराचा," तो म्हणाला, "तापला का फुटते तो." म्हणून त्यानें एक चिमुकलें प्लॅस्टिकचें घर आणलें, डाख घराच्या पायांना द्यावयाचा आणि सेल मागाहून त्यांत सरकवावयाचा, म्हणजे पुढच्या खेपेस कोणासहि नुसत्या नखानें तो काढतां येईल. वाद्याची तार भिंतींतून काढून त्यानें बराच वेळ थांबूं दिलें, कारण आंतल्या कांहीं भागांत वीज मागें रेंगाळते. धन आणि ऋण बाजू दोनदां पाहिल्या. त्याच आकाराचा, पुन्हा भरतां येणारा सेलहि बाजारांत मिळतो. तो येथें चालत नाहीं, त्याचा दाब अधिक असतो आणि त्याला भरण्याची व्यवस्था या मंडलांत नाहीं.

जुन्या सेलवर शिसपेनीनें 'मार्च २००३' असें लिहिलेलें होतें. सुदैवानें तो फुटला नव्हता. याच काळांतल्या कांहीं वाद्यांत, उदाहरणार्थ १९८१ च्या कोर्ग पॉलिसिक्समध्यें, निकेल-कॅडमियमचे सेल असत. ते पाझरतात आणि भोंवतालचें तांबें खाऊन टाकतात. तसलें वाद्य कोणाच्या माळ्यावर असेल तर त्यानें आवाजांची चिंता मागाहून करावी, आधीं सेल पाहावा. मुंबईचे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून जी तबकडी काढली, तींतल्या टीबी-३०३ या यंत्राचे बोल तर साध्या जाड सेलवर राहत. सेल काढले कीं गेले. तबकडी छापली गेली म्हणून ती सुरावट आज ऐकतां येते.

झांकण लावून वाद्य चालूं केलें, तेव्हां खिडकींत नांवाच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसूं लागलीं आणि पट्टी दाबतांच एक घोगरा कर्कश आवाज निघाला. असें होणार हें पुतण्यानें आधींच सांगितलें होतें, तरी भावजय उठून आंत गेली. स्मृतीवर लिहूं न देणारी एक कडी या वाद्याला असते. ती पुतण्यानें काढली आणि संगणकावरून प्रत परत पाठविली. पहिलें नांव उमटलें, 'देवघर'. त्यानें स्वतः तें वाजविलें नाहीं. आईला हांक मारली.

बंधूचा एक शिष्य हल्लीं वडशाच्या एका कंपनींत वाजवितो. तो भाऊबीजेनंतर येऊन प्रत घेऊन गेला. त्याचें वाद्य निराळें आहे, पण त्यालाहि डेक्स्डवरून काम भागवितां येतें. वाद्य त्यानें मागितलें नाहीं आणि आम्हीं देऊं केलें नाहीं. एवढें मात्र त्यानें विचारलें कीं 'नको' हा आवाज कोणत्या नाटकाचा. तें भावजयीला ठाऊक असावें असा आमचा तर्क आहे. तिनें त्याला चहा दिला आणि थंडी फार पडली आहे काय, असें विचारलें.

घराच्या आंत, सेलच्या शेजारीं, पुतण्यानें कागदाची पट्टी चिकटविली आहे. तीवर 'मार्च २००३' आणि त्याखालीं यंदाचा महिना. बटण दाबलें म्हणजे आतां ३.१ दिसतें.